शिट्टी

एकतीस वर्षं निपाणी डेपोला.
कोगनोळीचा नाका किती वेळा ओलांडला
त्याचा हिशेब वेबिलांत असेल,
आणि वेबिलं वाळवीच्या पोटात.
नाक्याच्या अलीकडं "चिल्लर कोडरी",
पलीकडं "सुट्टे द्या हो मावशी."
पलीकडच्या गाड्या घंटीच्या दोरीवर सुटतात,
आमच्या शिट्टीवर.
एवढाच परदेश मला माहीत होता.

आता मस्कत.
थोरली तिथं नर्स आहे, दिवस भरत आलेत.
अक्काताईनं डिंकाचे लाडू आधी वळले,
पासपोर्ट आठवला मागाहून.

पासपोर्टाच्या खिडकीत कळलं, मी एक माणूस नाही.
शाळेच्या दाखल्यावर मराठीत भरमा यल्लाप्पा शिप्पूरकर,
रेशनकार्डावर कानडीत भरमण्णा,
आणि पेन्शनच्या कागदावर इंग्रजीत
कुणीतरी ब्रह्मा करून ठेवलेला.
होसमनी वकिलांनी स्टँपवर लिहून दिलं:
हे तिघेही एकच.
सही करताना हात जरा अडला.
तिघांपैकी कुणी करायची?

चौकशीला हवालदार आला. चहा घेतला.
"यावाग वापस बर्तीरी?"
मी म्हटलं, नातवंडानं बोट धरलं की.
त्यानं तीन महिने लिहिलं.

शनिवारी बेळगावला गेलो,
मॉलमध्ये, सरकत्या जिन्याची तालीम करायला.
अक्काताई निऱ्या आवळून उभी,
पुराच्या पाण्यापुढं उभं राहावं तशी.
पायऱ्या येत होत्या, जात होत्या.
मागून माझ्या तोंडातून सवयीनं गेलं,
"पुढं सरका, पुढं जागा आहे!"
ती अशी वळून बघितली
की वॉचमननं हसणं गिळलं.
चार खेपा वर, चार खाली.
पाचव्या खेपेला तीच म्हणाली, चल,
आणि माझ्याच चपलेचा पट्टा अडकला.

बॅग वजन करायला बसलिंगच्या वखारीत नेली,
तंबाखूचे बोद मोजतात त्या काट्यावर.
तेवीस किलोची मुभा. भरले सत्तावीस.
शेंगाचटणी हलवायची नाही, ठरलेलं.
कुंद्याच्या दोन डब्यांतला एक निघाला,
माझा स्वेटर निघाला (मस्कतला कशाला होता कोण जाणे),
आणि तळातून, बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला,
खलबत्त्याचा बत्ता.
"मिक्सरात वेखंड उगाळता येतंय व्हय?" अक्काताई.
"अन् खल?" मी.
"खल मिळंल की तिकडं."
बत्त्याशिवाय तेवीस किलो चारशे.
बसलिंग काट्याकडं न बघता म्हणाला,
चारशे ग्रॅम तंबाखूची धूळ धर.

तिकीट आलंय. दोन पानी, झेरॉक्सवाल्याकडून काढलेलं.
उलटून पालटून बघितलं, उजेडात धरलं.
कुठंच भोक नाही.
भोक पाडल्याशिवाय जन्मात मी कुणाला जाऊ दिलं नाही,
एकदा सोडून.
अर्जुनीच्या फाट्यावर ती कळा देत चढलेली बाई,
तिला पैसे विचारायचं सुचलंच नाही.
चेकर चढला तेव्हा मी माझ्या खिशातलं भरलं.
तिला मुलगा झाला का मुलगी, कळलं नाही.

संध्याकाळी शेजार येऊन गेला.
बसलिंगची बायको म्हणाली, "होगि बर्री."
जा आणि या.
आपल्यातही निघणारा "येतो"च म्हणतो.
नुसतं जाण्याला
नाक्याच्या दोन्ही बाजूंना शब्द नाही, बरंच आहे.

आता रात्र. दस्तगीर सुमो घेऊन एकला येणार,
आंबोलीचा घाट उतरून पहाटे गोव्याचं विमानतळ.
नव्या शर्टाच्या खिशात शिट्टी ठेवलीय.
अक्काताईला दिसली.
"ही कशाला?"
"विमान कशावर सुटतं ग? घंटीवर का शिट्टीवर?"
"झोपा."

पितळेची आहे. तपासणीत वाजेल म्हणतात.
काढून चिल्लरच्या डब्यात टाकली.
मग डबा उघडला, परत घेतली.
कागद मोजले: तिघांची नावं, एक फोटो.
एक वाजून गेला.
रस्त्यावर कुठली तरी गाडी थांबली,
दस्तगीरची नव्हती, गेली.
मी आपला उभा, दाराच्या दांडीला धरून,
पायरीवर.