अधिक-उणे

एदुविना बेर्ना रात्रपाळीसाठी पाव भाजते,
समुद्रापासून अडीच हजार मीटर वर,
जिथे पाणी टँकरने येतं
आणि शेवटचा पाऊस कधी पडला यावर
ड्रायव्हर लोकांत पैजा लागतात.

वय विचारलं की ती दोन वयं सांगते.
एक कालामाच्या सरकारी दप्तरातलं.
कारकुनाचा हात घसरला, हातचा धरायचा राहिला, काहीतरी झालं;
त्या कागदाप्रमाणे ती आपल्या आईहून
चार महिन्यांनी थोरली.
दुसरं तिचं स्वतःचं:
"करड्या लामाच्या कानाला लाल लोकर बांधली ना,
त्या वर्षी मी कळपामागे पळत होते.
तिथून मोजा."

पहाटे तीनला मी खाली आलो, कॉफीला.
वर पडद्यावर एक तारा तसाच उघडा होता.
साडेचौदा अब्ज वर्षं, म्हणत होता हिशोब.
आणि विश्वच मुळी तेरा अब्ज ऐंशी कोटींचं.
लेक बापाआधी पाळण्यात.

अशा वेळी आम्ही आरडाओरडा करत नाही.
आकड्यामागे एक चिन्ह लावतो, अधिक-उणे,
ऐंशी कोटी इकडे, ऐंशी कोटी तिकडे,
आणि तेवढ्या फटीतून
तारा अंग चोरून विश्वात शिरतो.

एदुविनाने पिठाचे हात झटकले.
"पण म्हातारा हे कशावरून?"

लोखंडावरून.
सुरुवातीला लोखंड नव्हतंच कुठे,
ते ताऱ्यांनी मरून मरून साठवलं.
ज्याच्यापाशी कमी, तो जुना.
ह्याच्यापाशी सूर्याच्या अडीचशेवा हिस्सा.

ती हसतच सुटली.
एप्रनच्या खिशातून चिठ्ठी काढली, चार घड्यांची:
रक्तात लोह कमी. रोज एक गोळी.
"डॉक्टर अशक्तपणा म्हणाला. गाढव."

गोळ्या घेता ना, मी विचारलं.
"धातू नवऱ्याने आणला तेवढा पुरे,
तांब्याच्या खाणीतून,
फुप्फुसात भरून."

भट्टीचं दार उघडलं, थोडा वेळ
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग पावांवर फडकं टाकता टाकता म्हणाली,
"पेन्शनचा अर्ज अडलाय माझा.
ते चिन्ह लावून द्या त्यावर."

किती लावू?

"लावा की. आईला आधी जन्मून
जरा मोठी होता येईल
इतकं."