म्हापशाचं माप

तीस वर्षं मी या शहराचे मीटर वाचले.
रबरी सोलच्या चपला घाला, साहेब म्हणाले होते,
झटका बसणार नाही.
कुत्र्यांबद्दल साहेब काही बोलले नव्हते.

आता निवृत्त. तरी शुक्रवार उजाडला की
पाय आपणहून फेर आल्ताची चढण धरतात.
वही नाही, टॉर्च नाही,
हात उगाच हलके.

मिलाग्रीच्या इगर्जीपाशी थांबतो.
ही सायबीण सात बहिणींतली एक, असं सगळेच सांगतात.
हिच्या फेस्ताला शिरगावच्या बहिणीकडून तेल येतं,
तिच्या जत्रेला इथून मोगरा जातो.
एकीनं घर बदललं, एवढंच.
देणंघेणं कुणी मोडलं नाही.
सांक्रिस्तांव आलेशो मला मीटरपाशी न्यायचा
मेणबत्ती घेऊन.
विजेचा आकडा मेणबत्तीनं वाचायचा,
यावर आम्ही दर महिन्याला हसायचो,
दर महिन्याला तेवढंच.

उतारावर काफे बोआ सोर्त.
संगमरवरी टेबलं, एकाला आडवा तडा,
आरशाचा पारा उडालेला, त्यात मी अर्धाच दिसतो.
पातळ भाजी, बन, कपभर चहा.
कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणी बसत नाही.
तिथला माणूस म्हणे अर्धी कॉफी ठेवून उठला,
आलोच, म्हणाला,
आणि मोझांबिकच्या बोटीत चढला.
रोहिदास वही उघडून दाखवतो:
बाकी, चार तांगे.
पुढे एस्कुदो आले, त्याच्या आज्यानं हिशेब बदलून लिहिला.
रुपये आले, बापानं पुन्हा.
"तुम्ही का पुसत नाही?"
"तो येईल म्हणून न्हू," रोहिदास म्हणतो,
"आमचं अक्षर चांगलं आहे म्हणून."

बाजारात पाऊल ठेवलं
आणि मयड्याच्या केळ्यांसमोर
माझ्या चपलेचा अंगठा तुटला.
इनासिना केळेवाली हसली. तिच्याकडे तराजू नाही,
ती घड हातात झेलते आणि भाव सांगते.
माप म्हणजे मोजणं, सा म्हणजे भरणं,
त्यावरून म्हणे गावाचं नाव.
खरं असेल. इथे मोजणारे फार,
मी त्यातलाच एक.

एका पायानं लंगडत सगुणकडे गेलो.
सगुण बोडगेश्वरासाठी वहाणा शिवतो.
देव रात्री गावाची राखण करत फिरतो,
हातात दांडा, मशाल, आणि वहाणा झिजतात,
म्हणून लोक नव्या वाहतात.
"पण पायाचं माप कुठून घेतलंस?"
सगुणनं तोंडातला खिळा काढला.
"आज्यानं घेतलं. वायंगणाच्या चिखलात
पहाटे एकच पाऊल उमटलं होतं.
दुसरं? दुसरं बांधावर पडलं असणार."
म्हणजे उजवी मापाची, डावी विश्वासाची.

माझी चपल उलटी करून तो बघत राहिला.
"तुमची टाच मागं झिजली आहे.
उभं राहणाऱ्याची अशी झिजते,
दारात, आत न जाता."
मी काही बोललो नाही.
तीस वर्षं मी किती घरांच्या दारात...
पाणी दिलं होतं काहींनी. बसा म्हणालं होतं
एकदा, अंसाभाटात, एक बाई.
मी म्हणालो, पुढची घरं आहेत.

टाके घातले. पैसे त्यानं न मोजता खिशात टाकले.

रात्री झोप येत नाही तेव्हा ऐकत पडतो.
आधी खोर्लीतला तो खोकल्यासारखा भुंकणारा,
मग तारीकडची दोन,
मग काफेमागची लंगडी कुत्री, एकदाच.
कोण कुठवर पोचलं, मला अंथरुणातून कळतं.
एकेका घराशी तो किती थांबतो तेही.
थांबत नाही फारसा.
माझ्यापेक्षा जरा भरभर चालतो.

आमच्या आळीतलं कुत्रं अजून गप्प आहे.
चपला दाराबाहेर आहेत,
सरळ लावलेल्या.