दुसरी किल्ली

पर्वरीचा फ्लॅट आठव्या मजल्यावर.
एजंट म्हणाला, इथून पूल दिसतो,
रात्री तर बघतच राहाल.
मी पाण्याची वेळ विचारली.
तो पुलाबद्दलच बोलत राहिला.

ताळगावात शेताच्या कडेला नवी इमारत;
शेत अजून किती दिवस,
ते पाटीवर नव्हतं.
पणजीत मळ्याला जिना इतका चिंचोळा
की आईची शिलाई मशीन
सुटी करून वर न्यावी लागली असती.

आठवडाभर, बँक सुटली की
मी परक्या स्वयंपाकघरांतले नळ
सोडून बघत हिंडले.

रायबंदरला एस्परांसाबाईंनी
नळ आपणच सोडला. बारीक धार.
"पहाटे फेरीबोटीचं इंजिन झोप मोडतं,
आधीच सांगते."
मग टेबलावर दोन किल्ल्या.
"दुसरी कोणाक दिवपाची?"

या गावात मला नावानिशी ओळखणारा
एकच माणूस,
तो एजंट. खाली स्कूटरवर
पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलत होता.

मी किल्ली त्यांच्याचकडे सरकवली.
वीजबिलं टोचलेल्या खिळ्याला
ती अडकवता अडकवता
त्यांनी माझं नाव
पुन्हा एकदा विचारलं.