कंसातले सेकंद

हेल्वी तास्किनेन यांच्या निरोपसमारंभात
डीनने जे वाचून दाखवलं त्यात
सदतीस वर्षं होती, चार पुस्तकं होती,
आणि ‘श्रम, काळ व निरुपयोगीपणाचं समाजशास्त्र’,
जे त्याला एका दमात म्हणता आलं नाही.
मी मागे होते, दालचिनीच्या बनांपाशी.
मी त्यांची टंकलेखिका.
त्यांनी जे ऐकलं ते दुसऱ्यांदा ऐकणारी.

पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
माणूस गप्प झाला तर ती जागा गाळायची नाही.
किती सेकंद, ते कंसात.
खोकला तर खोकला. चमचा वाजला तर चमचा.
‘अर्धं वाक्य पुरं करून देणारे
घरात पुष्कळ असतात त्याच्या.
तू नको.’

कागदाची गिरणी बंद पडली ते वर्ष.
नदीला पहिल्यांदाच कसला वास नव्हता
आणि लोक खिडक्या उघडून तो हुंगत होते.
बाई कोणालाच विचारायच्या नाहीत, कसं वाटलं.
ताकाला जायच्या, भांडं लपवायच्या:
गजर अजून लावता का?
डबा कुठे असतो हल्ली?
तौनो पेल्कोनेन, तीन नंबरचं मशीन, एकोणतीस वर्षं:
‘डबा? (अकरा सेकंद)
गाडीतच आहे.’
त्यांचा पहिला गाजलेला लेख यावरच.
डब्यावर नव्हे. त्या अकरांवर.

हेलसिंकीहून आलेल्या एका आकडेवाल्याने विचारलं,
तुमचा नमुना केवढा?
त्रेचाळीस माणसं.
फारच कमी.
‘हो,’ बाई म्हणाल्या, ‘गाव लहान आहे.’

मग विषय बदलला, असं परिचयपत्र म्हणतं.
इमारतींच्या तळघरातल्या धुलाईखोल्या,
भिंतीवरच्या पाळ्यांच्या यादीत
नवरा जाऊन सहा वर्षं झाली तरी
दोघांच्या नावाने गुरुवार धरून ठेवणाऱ्या बायका.
मग वाचनालयांतले वर्तमानपत्रांचे कोपरे.
मला तरी विषय बदललेला दिसला नाही.
चमचे तेच वाजत होते.

एकतिसावी टेप मी नोव्हेंबरात लावली.
‘वाचनालय दहाला उघडतं.
आठ ते दहा मी बसस्थानकावर बसतो.’
आवाज माझ्या बाबांचा.
बाईंना माहीत नव्हतं, माझं आडनाव नवऱ्याचं.
‘रोज?’
‘दोन वर्षं झाली. शनिवार सोडून.’
‘घरी कोण कोण असतं?’

त्या यंत्राला पायाखाली पेडल असायचं.
दाबलं की माणूस मागे जायचा,
पुन्हा तोच श्वास घ्यायचा.
मी बाबांना सात वेळा मागे नेलं.
दर वेळी चोवीस सेकंद.
दर वेळी त्यानंतर: ‘बायको. आणि मुलगी.
तिला दुपारी भूक लागते, म्हणून पावणेचारला निघतो.’

मी लिहिलं: (एकोणीस सेकंद).
पाच मी ठेवून घेतले.
का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं,
आताही नीट येत नाही.

पुस्तक दीड वर्षाने आलं.
पान एकशे अठरा. चोवीस छापलंय.
म्हणजे बाईंनी टेप पुन्हा ऐकली,
घड्याळ लावून, एकट्याने,
आणि माझं एकोणीस खोडलं,
आणि त्यानंतर एकवीस वर्षं
रोज मला कॉफी विचारली,
पण हे नाही.
बाबा होते तेव्हा. बागेत बटाटे काढत होते.
मीही त्यांना विचारलं नाही.

डीन म्हणाला, आता बाई दोन शब्द बोलतील.
त्या उठल्या. माइक जरा खाली केला.
माझ्याकडे पाहिलं की बनांकडे, ते सांगता येणार नाही,
आम्ही एकाच रेषेत होतो.
मी मोजायला लागले, सवयीने.
सातव्याला कुणीतरी घाईघाईने टाळ्या वाजवल्या.