जेर, जबर

कोठी चार रस्त्यावर, नोटरीच्या बाकाशेजारी
माझं टेबल. पाटीवर तीन भाषा.
चौथी घरची, तिचे पैसे मिळत नाहीत.

सकाळी हमीदा घांची आली, याकुतपुऱ्याहून.
प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद,
झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स,
मस्कतकडच्या कुठल्याशा चौकीचा शिक्का
आता नुसता चहाच्या कपाचा डाग.
कंपनीला इंग्रजीत हवाय, सोमवारच्या आत.

त्यातलं एकच वाक्य कामाचं:
दरब यासीन, गोदामात, रात्री साडेनऊला.

ज्वाद, रे, बे.
झोएब सरांनी या तीन अक्षरांवर
दिवाळीपर्यंतचं अख्खं सत्र काढलं होतं.
तंबू ठोकला, तेच.
नाणं पाडलं, तेच.
दाखला दिला, सातानं आठाला गुणलं,
पोटासाठी मुलूख पालथा घालत निघाला,
तेही तेच.
मी म्हटलं, सर, आमचं मारणं तरी काय,
हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो,
दुपारभर माशा मारतो
आणि एखाद्या दिवशी माणूस.
सर चष्मा पुसत म्हणाले,
तुमची जरब आमच्याच घरची पोर;
सासरी येताना सगळं वाटेत सांडलं तिनं,
धाक तेवढा पदरात राहिला.

यासीनही मुलूख सोडूनच गेला होता.
पण तो अर्थ इथे लागत नाही. लावून पाहिला.

अक्षरावर जबर दिला, तर यासीननं मारलं.
पहिल्यावर पेश, दुसऱ्याखाली जेर,
तर यासीनला मारलं.
चौकीतल्या कारकुनानं काहीच दिलेलं नाही.
कोणीच देत नाही; वाचणाऱ्याला ठाऊक असतं म्हणे.
जबर वर बसतो, जेर खाली.
इतकी वर्षं मी याला व्याकरण समजत होते.

इंग्रजी तर दारातच अडवते:
आधी सांग, कोण?

विचारलं, हमीदाबेन, तुम्हाला काय कळलंय?
ती म्हणाली, "यासीनने मार्यो, बेन."

माझा हात थांबला. म्हणजे यासीनने...
मग तिच्या बाजूनं वाक्य पुन्हा ऐकलं.
तिच्या गुजरातीतला ने म्हणजे आमचा ला.
जन्म या गावात गेला,
दोन्ही भाषांत भाजी घेतली, भांडले,
दोन्हीत माणसं पोचवली खासवाडीला,
आणि इतक्याशा ने वरून
क्षणभर तिचा नवरा माझ्या टेबलावर
गुन्हेगार होऊन बसला.

तुम्हाला कोणी सांगितलं?
कोणी नाही. फोनवर तो बोलत नाही.
व्हिडिओ लावतो आणि पंखा दाखवतो, छताचा.
"एवढं सांगायला कोण लागतं, बेन?
बायको आहे मी."

मी पेन्सिलीनं, अगदी फिकट,
ज्वादच्या डोक्यावर एक पेश काढला.
स्वल्पविरामाएवढा. लगेच शोभला तिथे,
जणू चौकीतच राहून गेला होता.
मग खोडला. कागद माझा नाही.

इंग्रजीत दोन्ही लिहिलं, मध्ये तिरकी रेघ,
खाली टीप: मुळात स्वरचिन्हं नाहीत.
नोटरी ओरडला, ताई, असं चालत नाही,
एकच काहीतरी मारा ना!

बघा, हेही तेच.

हमीदानं पैसे मोजले, मी अर्धे परत केले.
तिनं कागद उजेडात धरला, उलटा.
खोडलेल्या जागी
थोडी चकाकी राहिली होती.
तिनं त्यावरून अंगठा फिरवला,
एकदा, आणि घडी घातली
बरोबर त्याच रेषेवर.