अंगारा

तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचं फ्रेंच नाटक,
सबनीसबाईंनी मराठीत ओढून आणलेलं,
आणि त्यातला ढोंगी मी.
दिवसा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात वजनकाटा,
रात्री कपाळभर भस्म.

बाई म्हणाल्या, जनार्दन, जरा कमी कर,
इतकं लोचट कुणी नसतं.

बाई ऐरोलीला राहतात.
त्यांनी घणसोलीचा निरिच्छबुवा पाहिलेला नाही.

पैशाला हात लावायचा नाही तो.
काका स्वतः पाकीट टाकायचा त्याच्या झोळीत.
झोळी तेवढी तो उघडून धरायचा.
कोळंबी आम्हांला वर्ज्य, म्हणायचा,
पण माउलीचं मन मोडवत नाही,
आणि काकीचं मन
दोनदा वाढून घेऊन राखायचा.

धर्माकाका खाडीतला माणूस.
बगळा डोळे मिटतो तेव्हा मासे मोजत असतो,
हे त्यानेच मला शिकवलं
गुडघाभर चिखलात उभं करून.
आणि त्याच काकाने,
भातखाचरं गेल्यावर
सोळा वर्षं खेटे घालून मिळालेला
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट
गुरुपौर्णिमेला लिहून दिला.
पेन बुवाचं होतं.

आता तिथे सात मजले.
खाली ध्यानमंदिर, वर भाडेकरू.
काका भिंतीवर, हारात.

तर मी काही कमी केलं नाही.
मान डावीकडे कलती,
आवाज पाकात बुडवलेला,
बाईमाणसाशी बोलताना नजर आधी पायांवर
मग सावकाश वर,
सगळं त्याचंच, न विचारता उचललेलं.

वाशीला प्रयोग झाला. लोक खुर्च्यांतून घसरेपर्यंत हसले.
शेवटी राजाचा माणूस येतो, ऐन वेळी, कागद घेऊन,
ढोंग्याच्या मुसक्या बांधतो,
घर घरवाल्यांना परत.
टाळ्या.
राजाचा माणूस म्हणजे सुहास गोंधळी, पोस्टात असतो.
विंगेत त्याला म्हटलं, एकदा घणसोलीला ये की रे.
तो मिशी सोलत होता. हसला.

मग काकी आली.
नुकतं मोतीबिंदू काढलेलं, काळा चष्मा,
पुतण्याचं नाटक म्हणून रिक्षाने एकटी.
मला वाटलं, आता ओळखेल त्याला माझ्यात,
शिव्या घालेल, थुंकेल.
त्यासाठीच तर केलं होतं सगळं.

तिने पदर डोक्यावर घेतला
आणि वाकली.

काकी, मी जन्या!

"जन्या हास तं मना कलतं रं," ती म्हणाली,
"पन त्याचा रूप घेतलंस ना आज.
तो आता दारान उबा करीत नाय.
तूच दे थोरा अंगारा, काकाचे नावान."

अंगारा म्हणजे टाल्कम पावडर,
रंग यावा म्हणून उदबत्तीची राख.
मला नाही म्हणायचं होतं.
मान डावीकडे कलली.
हात वर गेला, आणि आवाज
पाकातूनच आला.

काकीने पुडी कमरेला खोचली,
चोळीतून विसाची नोट काढली.

मी पैशाला हात लावला नाही.
झोळी खांद्यालाच होती.
उघडून धरली.