कुंडईतली रात्रपाळी

टाकीत आज तिसरी रात्र.
पोटभर साखर दिली, नत्र तोडलं,
की हे जीव घाबरतात,
अंगात चरबी साठवू लागतात
पुढच्या वाईट दिवसांसाठी.
ते दिवस आम्ही येऊच देत नाही.
आधीच फोडतो त्यांना,
पांढरी पूड काढतो, वाळवतो.
तिच्या पिशव्या होतात काजूच्या रोपांसाठी.
बारीक धागाही, जखम शिवायचा.

मूळ वाण आगरवाड्याच्या मिठागरातलं.
बाबांनी पायाने तुडवलेल्या चिखलातून
ताळगावच्या मिनेझिस बाईंनी
बाटलीभर नेलं होतं.

बाबांना पिशवी दाखवली.
ताणून पाहिली, वास घेतला.
"किती टिकते?"
"मातीत सहा महिने."
"म्हणजे कुजायला कारखाना घातलात!"
हसले, खोकला येईस्तोवर.

मग जूनमध्ये हर्नियाचं ऑपरेशन झालं.
टाके काढायला कधी जायचं, विचारत होते.
म्हटलं, नको, विरतील आपोआप.
बनियन वर करून
बराच वेळ बघत बसले,
जसे पूर्वी बघायचे
झावळ्यांखालच्या मिठाच्या राशीकडे,
बाहेर पाऊस,
किती उरलं, किती गेलं.